दिवसाआडची गोळी

घरून, सोमवार
(सकाळचं माप : वरचा आकडा १३४, खालचा ८२. पाच मिनिटं शांत बसून घेतलेलं.)

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्याचा, कमरेतून जेवढा वाकवेल तेवढा नमस्कार. (साष्टांगच घातला असता, पण खाली गेल्यावर मला वर आणायला दोन माणसं लागतात आणि घरात एकच आहे, तेही कामात असतं.) तुझी तब्येत कशी आहे, हे विचारायची रीत आहे म्हणून विचारतो. 'उत्तम' हे तुझं उत्तर मला पाठ आहे. गेली चाळीस वर्षं तू उत्तमच आहेस. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी डोळ्याला पट्टी बांधून भिंतीशी बोलत होतीस, तेव्हाही उत्तमच होतीस. आम्ही दोघंही बरे आहोत. फोन करण्याऐवजी पत्र लिहितो आहे याचं कारण असं की फोनवर तुझा आवाज अलीकडे फार बारीक येतो. (ही म्हणते, आवाज आहे तसाच आहे, कान बारीक झालेत. असो.)

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. तू रक्तदाबाची गोळी रोज न घेता दिवसाआड घेतेस, असं माझ्या कानावर आलं आहे. (सुनेने सांगितलेलं नाही. तुझ्या सुनेचं नाव मी घेतलेलंच नाही. ती बिचारी फोनवर नुसती हवापाण्याच्या गप्पा मारत होती.) तर त्या विषयावर मी या पत्रात एक अक्षरही काढणार नाही. तू माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. अख्ख्या शाळेला तू शिस्त लावलीस, मला पाढे शिकवलेस, आणि सतराचा पाढा चुकल्यावर काय केलंस ते माझा उजवा कान अजून विसरलेला नाही. तुला मी शहाणपण शिकवायचं म्हणजे लहान तोंडी मोठा घास. मी फक्त माझा स्वतःचा एक मूर्खपणा तुला सांगणार आहे. तो ऐकायला तुला लहानपणापासून आवडतो.

वजनमापे खात्यात मी एकतीस वर्षं काढली हे तू जाणतेसच. त्या एकतीस वर्षांत काटा मारणारे इतके पाहिले, की समोरचा माणूस किलोभर कांदे कसे तोलतो यावरून तो बायकोशी कसा वागत असेल हे मी सांगू शकतो. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं नाणं मी पकडलं आहे, पोकळ वजनं पकडली आहेत, तळाला जाड पुठ्ठा बसवलेलं तेलाचं माप पकडलं आहे. मी लांबून येताना दिसलो की बाजारातली निम्मी दुकानं तराजू पुसायला लागत आणि उरलेली निम्मी जेवायची सुट्टी जाहीर करत. असा माणूस निवृत्त झाला की त्याचं काय होतं? तो घरातल्यांची मापं काढतो. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी मी रक्तदाब मोजायचं मशीन आणलं आणि एक लांब वही आखली. वेळ सकाळी सात. आधी पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर, बोलणं बंद. (हिच्या बाबतीत शेवटची अट पाळून घेणं जड जातं.) मग तीन मापं घ्यायची आणि सरासरी काढायची. वहीत दोन रकाने : डावा माझा, उजवा हिचा. आम्हा दोघांना डॉक्टरीणबाईंनी एकच गोळी दिलेली आहे, एकाच ताकदीची, आणि गेली सहा वर्षं आम्ही ती न चुकता घेत होतो. लग्नाच्या आधी पत्रिका जुळल्या नव्हत्या, रक्तदाब जुळला.

आता ही गोळी म्हणजे काही फार मोठी गोष्ट नाही. मेडिकलच्या दुकानात शेंगदाण्यासारखी खपते. पण आम्ही ज्या नावाची घेत होतो तिची किंमत दर थोड्या महिन्यांनी वाढत गेली. पेन्शन मुंगीच्या पावलाने चालते आणि औषध उड्या मारत जातं, आणि घरात खाणारी तोंडं दोन. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला पाकीट देताना हल्ली किंमत तोंडाने सांगतच नाही, बोटाने छापील आकडा दाखवतो आणि नजर रस्त्याकडे वळवतो. तेव्हा मी (हो, मीच, दुसरं कोण?) एक शक्कल लढवली. गोळी घ्यायची, पण दिवसाआड. म्हणजे एक पाकीट दोन पाकिटांचं काम करणार, आणि कुणाला सांगायची गरज नाही. वाचलेले पैसे कशासाठी होते ते विचारू नकोस. एका माणसाला एका वस्तूची गरज होती, आणि ती गरज आहे हे तो माणूस कबूल करत नव्हता.

यात गंमत काय झाली बघ. पहिले चार-पाच दिवस आकडा जागचा हलला नाही. नंतर कळलं, की ही गोळी अंगात बराच वेळ टिकते, आज चुकवलीस तर उद्या लगेच चुगली करत नाही. गुन्हेगाराला पहिल्या चोरीत कुणी धरलं नाही की त्याचा जसा आत्मविश्वास वाढतो तसा तो वाढला. सहा वर्षं आपण उगीचच रोज घेत होतो, डॉक्टर काय सांगतातच, असंही वाटलं. मग दुसऱ्या आठवड्यात वहीतला आकडा हळूच चढला. १४२. मग १४८. मग १५६. मी रोज सकाळी तो स्वच्छ अक्षरात लिहीत होतो, तारखेखाली रेघ मारत होतो आणि विचार करत होतो की हे असं का होतंय. तू म्हणशील, गाढवा, गोळी चुकवणारा तूच आणि कारण शोधणाराही तूच? अक्का, ते मला नीट सांगता येणार नाही. असं समज की एका छपराखाली दोन माणसं राहत होती, एक गोळी चुकवणारं आणि एक नोंद करणारं, आणि नोंद करणाऱ्याला दुसऱ्यावर इतका भरवसा होता की त्याच्यावर संशय घ्यायचं त्याच्या स्वप्नातही आलं नाही.

मग संशय कुणावर घ्यायचा? मशीनवर. हे माझ्या धंद्याला धरूनच झालं. आकडा चुकीचा आला की आधी तराजू तपासायचा, गिऱ्हाईक नाही, हे मी तीस-चाळीस नव्या पोरांना शिकवलं आहे. मशीनची हवा गळते का पाहिलं. पट्टा बदलला. सेल बदलले. मशीन पुसून खिडकीपासून दूर ठेवलं, मग खिडकीजवळ ठेवलं. शेजारच्या प्लंबरला बोलावून त्याचा दाब मोजला; तो १२० आणि ८० निघाला. तेव्हा मी त्याला ठणकावून सांगितलं की मशीन बिघडलं आहे, तू इतका निरोगी असणं शक्य नाही. तो नळ न बघताच निघून गेला. (नळ अजून ठिबकतो आहे.) शेवटी मी मशीन डब्यात घालून आमच्या खात्याच्या प्रयोगशाळेत नेलं. तिथे माझा जुना सहकारी अजून नोकरीत आहे, ज्याला सगळे ग्रॅमभाऊ म्हणतात. अंगाने क्विंटलभर आहे, पण ग्रॅमचाही फरक सोडत नाही म्हणून ते नाव पडलं. त्याने मशीन आठ दिवस ठेवून घेतलं. पाऱ्याच्या जुन्या यंत्राशी पन्नास वेळा ताडून बघितलं आणि कागदावर शिक्का मारून दिला : चूक पाऱ्याच्या एका मिलिमीटरच्या आत. वर मला म्हणाला, "साहेब, मशीन खरं बोलतंय. माणूस तपासा."

पण तो कागद माझ्या हातात पडायच्या आदल्या दिवशीच व्हायचं ते झालं. आठ दिवस घरात मशीन नाही, म्हणजे वहीत आकडा नाही, म्हणजे सगळं आलबेल. मी शिंप्याकडे पँट सैल करून घ्यायला गेलो होतो. शिंपी कमरेच्या शिलाईत किती कापड शिल्लक आहे ते दाखवत होता, आणि एकदम दुकान डावीकडे कललं. शिवणयंत्र, हँगरवरचे कपडे, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळंच. उभा माणूस खाली बसला. शिंप्याने हातात आला तो कॉलरचा कागदी नमुना घेऊन वारा घातला. (कॉलरच्या नमुन्याने वारा फारसा येत नाही, बाहीचा घ्यायला हवा होता, पण प्रसंगावधान म्हणून त्याला मानलं पाहिजे.) मग त्याने दुकान तसंच उघडं टाकून रिक्षा बोलावली आणि थेट डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात पोचवलं.

डॉक्टरीणबाई वयाने आपल्या मुलांएवढ्या, पण बोलायला लागल्या की तुझी आठवण होते. त्यांनी दोन्ही हातांवर दाब घेतला. वरचा १९०, खालचा ११०. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "गोळी रोज घेता?" अक्का, त्या खोलीत आम्ही दोघंही होतो. एवढंच सांगतो, की एक माणूस जमिनीकडे बघत होता आणि दुसऱ्याला कुठे बघावं ते कळत नव्हतं. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची खोटी मापं पकडत हिंडलो, आणि माझ्याच घरात रोज अर्धं माप पडत होतं ते मला दिसलं नाही. मला त्या दिवशी फार भीती वाटली. हिच्याशिवाय माझं कसं व्हायचं, म्हणजे माझ्याशिवाय हिचं कसं व्हायचं, हा एकच विचार मनात होता. (वरच्या ओळीत खाडाखोड झाली आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस. पेन नवं आहे.) डोक्यात किंवा हृदयात काही झालेलं नाही, हे तपासून कळायला चार तास लागले. ते चार तास मी दवाखान्याच्या बाकावर बसून छतावरच्या पंख्याचे फेरे मोजले. किती भरले ते सांगत नाही.

मग मी सगळं खरं सांगून टाकलं : किंमत, पाकीट, मेडिकलवाल्याचं बोट. डॉक्टरीणबाई रागावतील वाटलं होतं. त्यांनी नुसता पेन खाली ठेवला आणि म्हणाल्या, "हे मला आधी का नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या, आपण जी गोळी घेता तिच्या आत औषध आहे ते अ‍ॅम्लोडिपिन. तेच औषध, तेवढंच, साध्या नावाने मिळतं, आणि एका पाकिटाच्या किमतीत चार येतात. मी त्यांचे आभार मानले आणि मनातल्या मनात एकही शब्द खरा मानला नाही. चौथ्या हिश्शात मिळणाऱ्या वस्तूत काटा मारलेला नसतो, असं माझ्या उभ्या नोकरीत कधी घडलेलं नाही.

वाटेत साध्या नावाचं एक पाकीट घेऊन घरी आलो आणि निरोपसमारंभात मिळालेला सोनाराचा काटा बाहेर काढला. एकेक गोळी तोलली तर चूक होते, म्हणून दहा महाग गोळ्या एकदम तोलून दहाने भागलं. मग दहा स्वस्त. महाग गोळी भरली एकशे ऐंशी मिलिग्रॅम. स्वस्त गोळी भरली दोनशे दहा! स्वस्तवाला चक्क जास्त देत होता. इथवर मला आनंदच झाला. मग मी पाकिटावरची बारीक अक्षरं भिंगाने वाचली : प्रत्येक गोळीत औषध पाच मिलिग्रॅम. पाच, अक्का! दोनशे दहा मिलिग्रॅमच्या मालात औषध पाच, बाकी सगळी भरती. किलोभर साखरेत कुणी मूठभर साखर आणि बाकी रेती विकली असती तर मी त्याचं दुकान सील केलं असतं. मी दोन्ही पाकिटं आणि काटा पिशवीत घालून परत दवाखान्यात गेलो, आणि बाहेर ताटकळणाऱ्या सात रुग्णांच्या देखत रीतसर तक्रार मांडली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवतो. त्यांनी सांगितलं, पाच मिलिग्रॅम औषध नुसतं तुमच्या तळहातावर ठेवलं तर ते तुम्हाला जेमतेम दिसेल, नखात अडकेल नाहीतर फुंकरीने उडेल. चिमटीत धरता यावं म्हणून बाकीची भरती. महाग गोळीतही पाचच, स्वस्त गोळीतही पाचच. जास्तीचे पैसे नावाचे आणि चकचकीत पाकिटाचे. मग त्यांनी माझ्या काट्याकडे बघून एक वाक्य टाकलं, ते मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवलं आहे : तोलायचं तर गोळीला नका तोलू, ती रोज पोटात गेली का ते तोला. शिवाय बजावलं, की औषधाचं नाव बदलायचं असेल, पायावर सूज येत असेल, खर्च झेपत नसेल, काहीही असलं तरी आधी येऊन सांगायचं. आपल्या मनाने बंद करायची नाही आणि दिवसाआडही करायची नाही. मागे बसलेल्या सातपैकी तिघांनी तेवढ्यात आपापली पाकिटं पिशवीतून बाहेर काढली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

तेव्हापासून घरात साध्या नावाची गोळी चालू आहे. महिना झाला. दोन्ही रकाने ताळ्यावर आहेत. महाग पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या आधी संपवल्या, कारण टाकून देणं आपल्या रक्तात नाही. असा हा माझा मूर्खपणा. वाचून तू चष्मा काढशील, पुसशील, परत लावशील आणि मला चार शब्द सुनावायला कागद घेशील. जरूर सुनाव. मी एकट्याने केलेलं आहे, एकट्याने ऐकून घेईन.

चि. नातवाला आशीर्वाद. तुझ्या सुनेला, जिने मला काहीही सांगितलेलं नाही, तिलाही.

तुझी बोलणी आजवर मनापासून खात आलेला,
धाकटा

ता. क. : वर मी म्हटलं आहे की पत्रात त्या विषयावर एक अक्षर काढणार नाही. ते मी पाळलं. ता. क. हा पत्राचा भाग धरत नाहीत, निदान आमच्या खात्यात धरत नसत. म्हणून इथे लिहितो : अक्का, गोळी रोज घे. पैशांचा प्रश्न असेल तर सोबतच्या चिठ्ठीवर औषधाचं साधं नाव लिहिलं आहे, ते तुझ्या डॉक्टरांना दाखव आणि हे चालेल का म्हणून विचार. मुलापुढे हात पसरायला नको म्हणून करत असशील, तर माझ्यापुढे पसर. लहानपणी मी तुझ्यापुढे किती वेळा पसरला, त्याची मोजदाद मी एकट्यानेच ठेवलेली नाही. आखलेली एक वही वेगळी पाठवतो आहे. दर रविवारी आकडा कळव. सरासरी मी काढीन.

पुन्हा ता. क. : पत्र टपालात टाकायला हिच्याकडे देतो आहे. दुसऱ्यांची पत्रं ती वाचत नाही, हा तिचा मोठा गुण आहे.

वन्संना भावजयीचा नमस्कार.

मी वाचलं. पाकीट न चिकटवताच माझ्या हातात दिलं, तर मी तरी काय करणार?

यात लिहिलंय ते सगळं घडलंय, फक्त माणूस बदललाय. यांनी सहा वर्षांत एकदाही गोळी चुकवली नाही. दिवसाआड मी घेत होते. यांना कानाचं मशीन हवंय आणि हे मान्य करत नाहीत, म्हणून मी थोडे थोडे बाजूला टाकत होते. चढत होता तो उजवा रकाना. शिंप्याकडे मीच गेले होते, यांची पँट घेऊन. हे आयुष्यात कधी स्वतः शिंप्याकडे गेलेत का? तिथे मी खाली बसले तेव्हा मला पहिल्यांदा काय आठवलं सांगू? यांचं जेवण झाकून ठेवलंय की नाही. इतकी मी शहाणी!

त्या दिवसापासून यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं. रोज सात वाजता पाण्याचा पेला घेऊन उभे राहतात, मी गिळेपर्यंत हलत नाहीत. मग मला तोंड उघडून दाखवायला लावतात, लहान पोरासारखं. आणि आकडा मात्र माझ्याकडे पाठ करून लिहितात.

वन्सं, तुम्ही का करता ते मला कुणी सांगायला नको. आपल्याला वाटतं, आपल्या वाटणीचं थोडं कमी केलं तर कुणाच्या लक्षात येणार नाही. येतं हो. फार उशिरा येतं, आणि ज्याच्या येतं त्याचं काय होतं ते मी दवाखान्याच्या बाकावर पाहिलं. भावजय म्हणून नाही, तुमच्यासारखीच चूक केलेली बाई म्हणून सांगते, उद्यापासून रोज घ्या.

यांना पत्र लिहाल तेव्हा मी हे सांगितल्याचा विषय काढू नका. नेहमीसारखं भरपूर रागवा. माझ्या वाटची बोलणी खायला ते तयारच बसलेत, आणि मी त्यांना ती खाऊ देणार आहे.